सोडलेली खार जखमी होऊन परत आली, तर

जूनच्या पहिल्या वादळात घरट्यासकट पडलेलं पिल्लू कुणीतरी रुमालात गुंडाळून आणून देतं. डोळे मिटलेले, अंगावर केस नाहीत, पाठीवरचे पट्टे जेमतेम उमटलेले. आपण रात्रीचे गजर लावून ते वाढवतो, गॅलरीत खोका टांगतो, हळूहळू दार उघडं ठेवतो आणि एक दिवस ते झाडावरचं होऊन जातं. इथपर्यंतची माहिती सगळीकडे मिळते. तीच खार चार-सहा महिन्यांनी लंगडत, रक्त लागलेल्या अंगाने आपल्या खिडकीत परत येते तेव्हा काय करायचं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्या ढमीच्या वेळी मी पहिल्याच मिनिटाला चूक केली. जानेवारीतली सकाळ होती. ती नेहमीच्या वेळी ग्रिलवर आली, पण मागचा उजवा पाय टेकवत नव्हती. पुढ्यात धरलेला शेंगदाणा तिने हुंगला आणि तशीच बसून राहिली. मी पिल्लूपणी उचलायचे तशी तिला सरळ मुठीत घेतली. तिने माझ्या अंगठ्यात नखापर्यंत दात रुतवले, मी हात झटकला, ती खाली पडली आणि धुण्याच्या मशीनमागे जाऊन बसली. पुढचे दोन तास ती तिथे आणि मी फरशीवर पालथी. दवाखान्यात जायला हवे होते ते दोन तास असे गेले.

तेव्हा सर्वांत आधी हे लक्षात घ्या: ती तुम्हाला ओळखते म्हणजे ती माणसाळलेली आहे असं नाही. दुखत असलेली खार आईलाही चावेल. ओळखीचा उपयोग एवढाच की ती लांब न पळता तुमच्या टप्प्यात येते. रानातली मोठी खार जखमी झाली तर ती सापडेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. तुम्हाला ही सवलत मिळाली आहे, ती मिठी मारण्यात घालवू नका.

धरायचं कसं

तिचं लहानपणीचं झोपायचं साधन अजून घरात असेल तर ते काढा. कुणाकडे लोकरीची टोपी असते, कुणाकडे जुन्या स्वेटरची बाही, आमच्याकडे खादीची पिशवी होती. ती नेहमीच्या खिळ्याला टांगा, आत थोडं केळं लावा आणि बाजूला व्हा. आजारी खारीला अंधार आणि ऊब हवी असते, त्यामुळे बऱ्याचदा ती आपणहून आत शिरते. मग पिशवीचं तोंड हलकेच मुठीत धरायचं, झालं. मशीनमागची ढमी शेवटी अशीच आत आली.

पिशवी नसेल तर खिडक्या-दारं लावा, पंखा बंद करा (हे विसरू नका, घाबरलेली खार वर उडी मारते) आणि पंचा किंवा जाडसर टॉवेल तिच्या अंगावर टाकून टॉवेलसकट उचला. डोकं झाकलं की ती निम्मी शांत होते. छातीवर दाब द्यायचा नाही. आणि शेपटीला धरायचं नाही, कितीही निसटत असली तरी. खारीच्या शेपटीची कातडी मोज्यासारखी सोलून हातात येते आणि आत नुसतं हाड उरतं. ते पुन्हा भरून येत नाही.

चावली तर जखम साबण लावून नळाच्या वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना दाखवा. खारीसारख्या छोट्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमुळे माणसाला रेबीज झाल्याचं जवळपास ऐकिवात नाही, पण धनुर्वाताच्या इंजेक्शनचा आणि बाकीचा निर्णय डॉक्टरांचा. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे किंवा गोव्यात सत्तरी भागात राहत असाल तर तिच्या अंगावरच्या गोचिडीला बोटं लावू नका. तिकडे माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत आणि तो गोचिडीतूनच पसरतो. चिमट्याने काढा, हातमोजे घाला.

खोका, ऊब, अंधार

बुटाचा खोका चालेल. भोकं आधी पाडून ठेवा, ती आत असताना पेनाने भोसकत बसू नका. तळाला जुनी सुती साडी किंवा टीशर्टचं कापड घाला. टॉवेलच्या गाठींमध्ये नखं अडकतात, म्हणून टॉवेल धरायला ठीक, अंथरायला नको. जरा सावरली की ती पुठ्ठा कुरतडून बाहेर येते, तेव्हा खोका पक्ष्यांच्या जुन्या पिंजऱ्यात किंवा मांजर न्यायच्या बास्केटमध्ये ठेवून वरून चादर टाका.

बाटलीत कोमट-गरम पाणी भरा, मोज्यात घाला आणि खोक्याच्या एका कडेला ठेवा. फक्त एका कडेला. फार गरम वाटलं तर तिला सरकायला जागा हवी. बाटली मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, सुखद वाटली पाहिजे. गार झालेली बाटली तिच्या अंगातलीच ऊब ओढून घेते, म्हणून तासाभराने पाणी बदला.

आता खोका घरातल्या सर्वांत शांत खोलीत ठेवा. शेजारची मुलं, फोटो, व्हिडिओ कॉलवरची मावशी, कुणीही नको. नुसत्या भीतीने खार दगावू शकते, आणि लहानपणी आपल्या खांद्यावर झोपलेली असली तरी याला अपवाद नाही.

दोन मिनिटांत काय बघायचं

उघडून सारखं बघू नका. एकदाच, चांगल्या उजेडात, कुणाला तरी मोबाइलचा टॉर्च धरायला सांगून. आधी श्वास बघा: तोंड उघडून, कुशी आत ओढत किंवा टकटक आवाज करत श्वास घेत असेल तर बाकी तपासणी सोडा, खोका बंद करा आणि दवाखान्याकडे निघा. मग नाकातून रक्त आहे का, पुढचे दात जागेवर आहेत का. खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि एकमेकांवर घासून झिजतात. पडल्यामुळे एक तुटला तर समोरचा वाढतच जातो आणि महिन्याभरात तिला दाणा फोडता येत नाही. दातांचा पिवळट-नारिंगी रंग हा आजार नव्हे, तो तसाच असतो.

अंगावर रक्त दिसत नाही म्हणून हुश्श करू नका. केस कुठे ओले, चिकटलेले दिसतात का ते बघा आणि तिथे हलकी फुंकर मारा. केस बाजूला झाले की कातडी दिसते. ढमीच्या खांद्यामागे असाच ओला चट्टा होता. फुंकर मारल्यावर त्यात सुईने टोचल्यासारखी दोन भोकं दिसली, रक्ताचा थेंबही नाही. ती ओल म्हणजे बोक्याची लाळ. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जीवाणू असतात आणि सुळा आत गेला की ते कातडीखाली पेरले जातात. वरचं भोक लगेच मिटतं, आत मात्र सडत जातं. संध्याकाळपर्यंत शेंगा खाणारी खार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेलेली सापडते ती यामुळे. मांजराने नुसतं तोंडात धरलं असा संशय असला तरी त्याच दिवशी प्रतिजैविक सुरू व्हायला हवं. ही गोष्ट उद्यावर ढकलायची नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला एका पशुवैद्यबाईंनी शिकवली. मादी असेल तर तिचं पोट बघा. आचळं लांबलेली आणि भोवतीचे केस गेलेले दिसले तर ती दूध पाजते आहे. म्हणजे कुठल्यातरी एसीमागे, मीटरच्या पेटीत किंवा नारळाच्या शेंड्यात काथ्या-कापसाच्या गोळ्यात तिची पिल्लं आहेत. एका वेताला साधारण दोन ते पाच. अशा वेळी डॉक्टरांना हे आधी सांगा आणि घरच्यांना घरटं शोधायला लावा.

जखमेला काय लावायचं, काय नाही

वाहतं रक्त असेल तर स्वच्छ गॉज किंवा धुतलेल्या सुती रुमालाची घडी पाच मिनिटं दाबून धरा. मध्ये उचलून बघायचं नाही. नख तुटून रक्त येत असेल तर चिमूटभर कॉर्नफ्लोअर दाबा.

धुण्यासाठी मेडिकलमध्ये सलाइनची बाटली मागा, 'एनएस' म्हटलं की देतात. नसेल तर अर्धा लिटर उकळलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ, थोडं कमीच, आणि कोमट होऊ द्या. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर फिक्या कोऱ्या चहाचा रंग येईल इतकं पातळ करून.

हळद नको. मला माहीत आहे, आपला हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. पण खार ती चाटते, केसांत तिचा लगदा होतो आणि डॉक्टरांना जखमेची कडा दिसत नाही. डेटॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड, गुरांच्या जखमेवरचा फवारा, यातलं काहीच नको. अळ्या पडल्या असतील तर गावाकडे टर्पेंटाइन ओततात. बैलाचं ठीक, पण इथे अख्ख्या प्राण्याचं वजन 100 ग्रॅमच्या आसपास आहे. माशीची अंडी जखमेच्या कडेला रव्याच्या कणांसारखी पांढरी चिकटलेली दिसतात आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात दिवसभराच्या आत फुटतात. ती चिमट्याने किंवा नव्या टूथब्रशने खरवडून काढा, राहिलेल्या अळ्या डॉक्टर काढतील.

घरातली गोळीही नको. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, 'अगदी कोपराच दिला' हे सगळं विष आहे. 100 ग्रॅमच्या जीवाला कोपरा म्हणजे काय होतो, तुम्हीच गणित मांडा.

संक्रांतीच्या आगेमागे मांजा अडकलेल्या खारी येतात. नायलॉनचा मांजा ओढून काढायचा नाही, दोन्ही बाजूंनी कापायचा आणि मांसात रुतलेला तुकडा तसाच ठेवून न्यायचं. उंदरांसाठीच्या गोंदाच्या पुठ्ठ्याला चिकटली असेल तर उघड्या गोंदावर आधी पीठ किंवा कागद टाका म्हणजे ती आणखी चिकटणार नाही, मग खाण्याचं तेल बोटाने लावत एकेक पाय सोडवा. नाकातोंडाला तेल लागू देऊ नका आणि सुटल्यावर पुसून उबेत ठेवा, कारण तेलकट केसांत ऊब टिकत नाही. विजेच्या तारेचा शॉक बसलेली खार वरवर ठीक दिसते. भाजल्याच्या खुणा दोन-तीन दिवसांनी उघड होतात, म्हणून 'धावतेय की' म्हणून सोडून देऊ नका.

पाणी आणि खाणं: घाई नको

गार पडलेल्या जनावराला काही भरवायचं नाही. आधी ऊब, मग पाणी, मग खाणं, हा क्रम उलटला तर पोटात गेलेलं पचत नाही. ती उबदार आहे, मान धरते आहे, ओठ चाटते आहे असं दिसलं तरच ओआरएसचे थेंब 1 मिलीच्या सिरिंजने ओठाच्या कडेला टेकवायचे आणि तिला चाटू द्यायचं. पिचकारी मारली की ते फुफ्फुसात जातं. तिला लहानपणी सिरिंजची सवय होती, म्हणून ती अधाशासारखी ओढू बघेल. तेव्हा तर जास्तच सांभाळा. तासा-दोन तासांत दवाखाना गाठणार असाल तर हे काहीच करू नका, काकडीची एक फोड खोक्यात ठेवा आणि निघा. गाईचं दूध पिल्लाला नको होतं, तसंच मोठीलाही नको.

डॉक्टरांकडे

आधी फोन करा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच दवाखाने खार बघत नाहीत. एका ठिकाणी आम्हाला रांगेत तीन भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या मध्ये बसवलं आणि पाऊण तासाने 'आम्ही असले प्राणी घेत नाही' असं सांगितलं. म्हणून फोनवरच विचारा: खार बघता का, आणि गरज पडली तर गॅसची भूल देता का? वनविभागाचा 1926 हा टोल-फ्री क्रमांक लावला तर जवळच्या वन्यप्राणी उपचार केंद्राची माहिती मिळते. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवरचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर माहीत असेलच. लहान गावात सर्पमित्राला विचारा, वन्यप्राण्यांना हात लावणारा डॉक्टर कोण हे त्याला ठाऊक असतं.

फोन करायचं दुसरं कारण कायद्याचं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली खार हा वन्यप्राणी आहे. जखमी प्राण्याला मदत करणं वेगळं आणि 'आता हिला घरातच ठेवू' म्हणणं वेगळं. लांब शेपटीचा, तांबूस-तपकिरी, मांजराएवढा शेकरू सापडला तर घरी एक रात्रही न ठेवता वनविभागाला कळवा. तो आपला राज्यप्राणी आहे आणि त्याची भूक, उडी, चावा सगळंच आपल्या खोक्याबाहेरचं आहे.

निघताना एका कागदावर लिहा: वजन, कधी सोडली, कधी जखमी दिसली, कुठे, आणि लहानपणी काय खाल्लं. वजनासाठी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रिकामा डबा ठेवून शून्य करा आणि मग तिला डब्यात ठेवा. डॉक्टरांचा सगळा डोस यावर ठरतो.

खाण्याचं का लिहायचं? हाताने वाढवलेल्या खारींमध्ये एक दुखणं फार दिसतं. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, बिस्किटं, ब्रेड यांवर वाढलेल्या पिल्लाला फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी कमी मिळतं, त्यात घरात ऊन नाही. शरीर मग हाडांतून कॅल्शियम काढून वापरतं. अशी खार दिसायला गुटगुटीत असते, पण साध्या उडीने तिचं हाड मोडतं किंवा मागचे पाय ओढत ती चालायला लागते. आपल्याला वाटतं पडली, पाठीला लागलं. एक्स-रे काढल्यावर हाडं काचेसारखी पातळ दिसतात. पाठीचा कणा तुटलेला असेल तर बहुतेकदा काही करता येत नाही, हे दुखणं मात्र वेळेत कळलं तर सुधारतं. दोन्हीमध्ये मागचे पाय लुळे दिसतात, म्हणून एक्स-रेआधी आशाही सोडू नका आणि निवाडाही करू नका. कणा खरंच गेला असेल, लघवीवर ताबा नसेल आणि डॉक्टर तिला शांतपणे झोपवू या म्हणाले, तर ऐका. मी एकदा ऐकलं नव्हतं. ते चार दिवस मी कुणाला सांगत नाही.

पिंजऱ्यातले दिवस

ढमीचं हाड मोडलं नव्हतं, सांधा मुरगळला होता. प्रतिजैविकं, वेदनाशामक आणि दोन आठवडे लहान पिंजरा. लहान मुद्दामच, म्हणजे उड्या मारता येऊ नयेत. औषध पिकलेल्या केळ्याच्या नखाएवढ्या तुकड्यात द्यायचं आणि ती बरी दिसली तरी पूर्ण करायचं. खायला पेरू, जास्वंदीच्या कळ्या, शेवग्याची फुलं आणि कोवळा पाला, भिजवलेले हरभरे, आणि सालीसकट एक जाड फांदी, कुरतडायला.

कठीण भाग म्हणजे तिच्याशी न बोलणं. पिंजऱ्यातली खार आठवड्याभरात पुन्हा आपल्या आवाजाला कान टवकारते आणि आपल्यालाही बरं वाटतं. आमच्याकडे सासूबाई भाजी निवडायला मुद्दाम त्या खोलीत बसायच्या. चौथ्या दिवशी ढमी जाळीतून देठं मागायला लागली, तेव्हा मी पिंजऱ्याला चादर बांधली आणि दोन दिवस घरात अबोला सोसला.

पुन्हा सोडणं

पाय टेकला म्हणजे झालं असं नाही. सोडण्याआधी मोठ्या पिंजऱ्यात किंवा जाळी लावलेल्या गॅलरीत बघा: उभ्या फांदीवर डोकं खाली करून उतरते का (खरा कस मागच्या पायांचा इथेच लागतो), हातभर उडी नेमकी मारते का, कवचासकट शेंग फोडते का, रात्रभर गारठ्यात तरतरीत राहते का. आणि मांजराचा आवाज आला की दडते की बघत बसते. बघत बसणारीला अजून ठेवा.

जागा तीच, जिथून ती आली. तिची झाडं, तिचे रस्ते तिला पाठ असतात. नव्या बागेत सोडणं म्हणजे तिथल्या खारींच्या तोंडी देणं. वेळ सकाळची, ऊन आल्यावर, कारण खारी दिवसाच वावरतात आणि संध्याकाळी सोडलेलीला रात्रीपुरती जागा शोधायलाही सवड मिळत नाही. पुढचे दोन-तीन दिवस पावसाचे नसावेत. जुनी पिशवी किंवा खोका महिनाभर तसाच टांगलेला ठेवा.

आणि सोडण्याआधी जखम झाली कशी याचा माग काढा. मी तो सर्वांत शेवटी काढला. ढमीसाठी मी रोज सकाळी साडेसातला गॅलरीच्या कठड्यावर पाच शेंगा ठेवायचे. वेळ तिला कळली होती, तशी खालच्या मजल्यावरच्या पांढऱ्या बोक्यालाही. कठड्याला लागून पाण्याचा पाइप आहे, त्याच्यामागे तो दबा धरून बसायचा. शेंगा बंद केल्या, कठड्यावर निवडुंगाच्या चार कुंड्या ओळीने ठेवल्या, तेव्हा कुठे ढमीला सोडलं. ती शेवग्यावरून समोरच्या आंब्यावर जाते, उडी मारताना उजवा पाय किंचित मागे राहतो. बोका अजूनही साडेसातला पाइपपाशी येऊन बसतो.